लोफोटेनचा हिवाळा: उजेड रेंगाळतो, कॅमेरा गारठतो

फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य बुडाला की तो क्षितिजाखाली ६ अंशांवर जायला साधारण २२ मिनिटं लागतात. म्हणजे संधिप्रकाशाचा कामाचा भाग तेवढाच. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर त्याच तारखेला याच प्रवासाला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ६८ अक्षांशावर सूर्य क्षितिजात सरळ उतरत नाही, तिरका घसरत जातो. दुपारी बाराच्या सुमाराससुद्धा तो जेमतेम ९ अंश वर असतो. हात लांब करून मूठ क्षितिजावर धरली तर मुठीची उंची साधारण १० अंश भरते, म्हणजे भर दुपारचा सूर्य एका मुठीच्या आत.

हिवाळ्यातल्या उत्तरेची तयारी करताना हे पहिल्यांदा मनात पक्कं बसवावं, कारण आपली सवय उलटी असते. सह्याद्रीत फोटो काढणारा माणूस सूर्योदयाच्या पंधरा मिनिटांसाठी जीव टाकून धावतो. तिथं धावायची गरज नाही. उजेड थांबतो. वेळ खातात त्या दुसऱ्या गोष्टी: लेन्सवर बसलेलं दव, गोठलेला ट्रायपॉड, मरगळलेली बॅटरी, समोरच्या कोऱ्या बर्फात आपल्याच बुटांनी पाडलेले खड्डे. या लेखातला बराचसा मजकूर म्हणूनच त्यांच्याबद्दल आहे.

आधी महिना ठरवू. लोफोटेनमध्ये डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर-गुलाबी उजेड असतो, तो सुंदर असतो, पण फक्त त्याच्यावर आठवडा काढायचा तर संयम लागतो. १ फेब्रुवारीला सूर्य साडेपाच-पावणेसहा तास असतो आणि ५ अंशांच्या वर जातच नाही. म्हणजे दिवसभर सोनेरी वेळ, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर. महिनाअखेरीस दिवस साडेनऊ तासांचा होतो. रोज आठ-नऊ मिनिटांनी वाढतो, त्यामुळे आठवडाभराच्या मुक्कामात सुरुवातीचं वेळापत्रक शेवटी चालत नाही. मार्चच्या विषुवदिनाला बारा तास दिवस, सूर्य दुपारी २२ अंशांवर, बर्फ अजून टिकून आणि अरोरासाठी, म्हणजे रात्रीच्या आभाळात नाचणाऱ्या हिरव्या उजेडासाठी, रात्रीही पुरेशा काळ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने १० फेब्रुवारी ते १० मार्च हा काळ धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवू नये. तिथली हवा सलग दोन-तीन दिवस सहज गिळते.

ही बेटं आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे फार गोठत नाहीत. किनाऱ्यावर तापमान बहुतेक वेळा उणे ५ ते अधिक ३ च्या दरम्यान घुटमळतं. ऐकायला सोपं वाटतं, पण कॅमेऱ्यासाठी हेच अवघड आहे. स्वीडनमधल्या अबिस्कोसारख्या ठिकाणी उणे २५ असलं तरी हवा कोरडी असते. बर्फ पिठासारखा असतो, फुंकणीच्या एका झोताने उडून जातो. लोफोटेनमध्ये एका तासात बर्फ, मग गारांचा मारा, मग पाऊस, मग पुन्हा बर्फ. ओला बर्फ लेन्सवर बसतो, वितळतो आणि परत गोठतो. त्यामुळे पावसाळ्यात ताम्हिणी-माळशेजला वापरलेलं रेनकव्हर घरी ठेवू नका. ते इथं उणे तापमानाच्या जाकिटाइतकंच लागतं.

आता बर्फाचं एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने साधारण १८ टक्के उजेड परत फेकतं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के फेकतो. हा फरक दोन स्टॉपहून थोडा जास्त आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मीटर बिचारा समोरचं सगळं ओढून राखाडी करतो आणि पडद्यावर राखेसारखा बर्फ दिसतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिककडे नेणं. पण 'बर्फात नेहमी अधिक दीड' असा सरसकट नियम लावला की उन्हातला बर्फ फाटतो. आकडा ठरतो तो फ्रेममध्ये बर्फ किती आहे यावर. सगळी फ्रेम बर्फाची आणि आभाळ ढगाळ असेल तर अधिक १.७. अर्धा बर्फ आणि अर्धा काळा डोंगर किंवा समुद्र असेल तर अधिक ०.७ ते १. लाल कोळीघरं, काळं पाणी आणि फक्त छपरांवर बर्फ असेल तर अधिक ०.३ पुरतं, कधी शून्यही. पूर्ण दोन स्टॉप सहसा देऊ नयेत, कारण बर्फाचा पोत वरच्या अर्ध्या स्टॉपमध्येच राहतो आणि एकदा कापला गेला की रॉ फाइलमधूनही परत येत नाही.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळ-अंधाऱ्या भागांचा आलेख, वाचताना एक करा: पांढऱ्या आलेखावर विसंबू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा चालू करा. सावलीतल्या बर्फावर फक्त आभाळाचा उजेड पडतो, म्हणून निळी वाहिनी आधी भिंतीला टेकते. सूर्य मावळताना डोंगराच्या टोकावर गुलाबी उजेड येतो तेव्हा लाल वाहिनी आधी टेकते. एकत्र आलेखात दोन्ही वेळी सगळं आलबेल दिसतं. बर्फाचा उंचवटा उजवीकडच्या भिंतीपासून बोटभर अलीकडे राहिला पाहिजे. सूर्य बुडाल्यानंतरच्या निळ्या वेळेत मात्र हे सगळं सोडून द्या. संध्याकाळ संध्याकाळच दिसायला हवी. तेव्हा कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा, नाहीतर सगळा बर्फ दुपारसारखा पांढरा होतो आणि खिडक्यांतले पिवळे दिवे फिके पडतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. ऑटो सावल्यांमधला निळा रंग पुसायला बघतो आणि त्याच्या नादात उन्हाकडची बाजू पिवळट करून टाकतो. ५२०० ते ५६०० केल्विनवर कायम ठेवा आणि घरी येऊन ठरवा. सावलीतला बर्फ निळा असतोच, तो दोष नव्हे. दोन रंगांची ही ओढाताण हाच त्या प्रदेशाचा रंग आहे. संपादन करताना निळ्याचं सॅच्युरेशन जरा खाली आणलं तर चालतं, पण पूर्ण पांढरा केलात की फोटो थर्माकोलचा वाटतो. क्लॅरिटी १० च्या वर नेऊ नका. डीहेझ तर बर्फावर मळाचा थर चढवतं. बर्फाचा सर्वांत उजळ भाग २५५ पैकी २४०-२५० च्या आसपास ठेवला की छपाईतही कण दिसतात.

लेन्सबद्दल थोडक्यात. सगळे १६-३५ मिमी, म्हणजे रुंद कोनाची वाइड लेन्स, घेऊन जातात, आणि ती लागतेच. पण डोंगर खरोखर डोंगरासारखे दिसतात ते ७०-२०० या टेलिफोटो लेन्समध्ये. वाइड लेन्समध्ये राइनेजवळचं ओल्स्टिन्डन शिखर पाण्यामागचा एक दात होऊन बसतं. १०० मिमीला तेच शिखर फ्रेम भरतं, खाली एखादं कोळीघर ठेवलं की आकाराचा अंदाज येतो. दोनच लेन्स न्यायच्या असतील तर वाइड आणि ७०-२००. मधली घरी ठेवली तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

टेलिफोटो वापरताना एक फसगत होते. गाडीत हीटर लावून, काच खाली करून फोटो काढला की तो कितीही नीट फोकस केला तरी मऊ येतो. गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना थंड हवेत मिसळते आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसते तशी थरथर तयार होते. उबदार खोलीतून लेन्स बाहेर आणली की तिच्या हूडमध्येही हेच होतं. वीस-तीस मिनिटं लेन्स बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग फोकस पुन्हा तपासा. थंडीने धातू आकसतो, त्यामुळे इन्फिनिटीची (अगदी दूरच्या फोकसची) खूण घरी होती तिथंच राहत नाही.

आता पाण्याची गोष्ट, म्हणजे खरी गोष्ट. कोकणात एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तिथं तेच उलट्या वेळी होतं, बाहेरून आत येताना. खोलीत २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर ६ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. उणे ५ वरून आलेला कॅमेरा दारातच ओला होतो. बाहेरून पुसता येतं, पण लेन्सच्या आतल्या काचांवर आणि सेन्सरवर धरलेलं दव पुसता येत नाही. तासाभरात परत बाहेर नेलात तर तेच दव आत गोठतं.

म्हणून दाराबाहेरच हे करायचं. बॅटरी आणि कार्ड काढून खिशात ठेवा, म्हणजे फोटो बघायला कॅमेरा उघडावा लागणार नाही. कॅमेरा तीन-चार लिटरच्या झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून बाहेर काढा, झिप लावा, मग आत या. आता दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. बॉडी आणि छोटी लेन्स तासाभरात, ७०-२०० दोन तासांत खोलीच्या तापमानाला येते. पिशवीवरचे थेंब आपोआप सुकले की उघडायला हरकत नाही. सिलिका जेलची पुडी रात्रभर ठेवायला चांगली, पण ती पिशवीचं काम करत नाही. घाईत नुसत्या पुडीवर भरवसा ठेवू नये.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे कॅमेरा आत आणूच नये. मुक्कामाच्या जागी सुरक्षित असेल तर कॅमेऱ्याची बॅग रात्रभर गाडीच्या डिकीत राहू द्या. फक्त बॅटऱ्या आणि कार्ड वर आणा. दिवसाही फिरताना बॅग डिकीत, मागच्या सीटवर हीटरसमोर नको. गार कॅमेऱ्यावर पडलेला कोरडा बर्फ झटकला की निघतो. कोमट कॅमेऱ्यावर पडलेला बर्फ आधी पाणी होतो आणि मग बटणांच्या फटीत गोठतो.

श्वास हाही पाण्याचाच प्रकार. लेन्सवर बर्फाचा कण दिसला की आपण सवयीने हा करून फुंकतो. उणे तापमानात त्या हाऽऽ चा काचेवर लगेच पापुद्रा होतो आणि तो खरवडण्यात दहा मिनिटं जातात. फुंकणी वापरा, नाहीतर मऊ ब्रश. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास रोखा किंवा तोंड बाजूला वळवून सोडा.

बॅटरीचं शास्त्र माहीत असलं की घबराट होत नाही. थंडीत लिथियम-आयन पेशीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा समजतो की बॅटरी संपली. चार्ज आत शिल्लक असतो. ६० टक्क्यांवरून अचानक शून्य दाखवणारी बॅटरी फेकायला काढू नका. शर्टच्या आतल्या खिशात, अंगाला लागून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, परत बराच वेळ चालते. मिररलेस कॅमेऱ्याला दिवसाला तीन आणि अरोराच्या रात्री धरून चार बॅटऱ्या लागतात. गरम खिशात भरलेल्या, गार खिशात वापरलेल्या, असा एकदा ठरवलेला नियम मोडू नका. अंधारात दोन्ही सारख्याच दिसतात. शून्याखालच्या बॅटरीला लगेच चार्जर लावू नये. गोठलेल्या पेशीत चार्जिंग केलं तर लिथियम धातूचा थर साचतो आणि पेशी कायमची अधू होते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १६ वॉट-तास, २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक ७४ वॉट-तास. दोन्ही १०० च्या मर्यादेत बसतात.

ट्रायपॉड कार्बनचा असावा. हलका म्हणून तर आहेच, पण अॅल्युमिनियम हातातली ऊब ओढून घेतं. अॅल्युमिनियमचाच असेल तर तिन्ही पायांच्या वरच्या भागाला फोमची नळी किंवा सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळा. खोल बर्फात ट्रायपॉड लावायची एक पद्धत आहे. पाय पूर्ण फाकवून वरून दाबलं की बर्फात जाताना पाय आणखी बाहेर सरकायला बघतात आणि सगळा ताण वरच्या सांध्यावर येतो. सांधा तडकतो तो तिथंच. त्याऐवजी पाय अर्धेच उघडा, तसेच खाली दाबा. आत जाता जाता ते आपोआप पसरून आपल्या कोनात बसतात. बर्फाखाली टणक थर लागेपर्यंत दाबत राहा, नाहीतर दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये एक पाय हळूच खचतो.

समुद्रकाठी आणखी एक सवय लावा. आपण नेहमी वरचे जाड भाग आधी उघडतो. इथं सर्वांत खालचा बारीक भाग आधी, किमान वीतभर बाहेर काढा, म्हणजे खालचं कुलूप वाळूत आणि खाऱ्या पाण्यात बुडत नाही. कुलपात वाळूचा एक कण गेला की पिळताना करकर आवाज येतो, आणि त्यात पाणी गेलं तर गोठून पाय अडकतो. मग तो उघडा ट्रायपॉड तसाच गाडीत आडवा घालून न्यावा लागतो.

किनारे म्हणजे लोफोटेनचा जीव. हाउकलँड, तिथून बोगदा पार करून गेलं की उट्टाक्लाइव्ह, पश्चिमेकडे स्कागसांडेन आणि रामबर्ग. उट्टाक्लाइव्हला गोल गुळगुळीत धोंडे आहेत, त्यांच्यामधून लाट परतताना पांढऱ्या दोऱ्या काढत जाते. त्या दोऱ्या हव्या असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद. याहून जलद केलं तर नुसता फेस, तीस सेकंद केलं तर धुकं. बटण लाट येताना दाबायचं नाही. ती पूर्ण वर येऊन परतायला लागली की त्या क्षणी दाबायचं. एफ ११, आयएसओ १०० आणि संध्याकाळचा उजेड असेल तर पोलरायझर (चमक कमी करणारा फिरता फिल्टर) लावल्यावर आपसूक अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं, कारण पोलरायझर दीड ते दोन स्टॉप खातो. उजेड जास्त असेल तर ६ स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड अडवणारा काळा फिल्टर: मीटर १/१५ दाखवत असेल तर चार सेकंद होतात. १० स्टॉपचा लावला तर त्याच १/१५ चे साधारण ६८ सेकंद. पोलरायझर २४ मिमीच्या खाली नेला की निळ्या आभाळात मध्येच काळा पट्टा पडतो, कारण सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ सर्वांत जास्त काळवंडतं आणि वाइड लेन्समध्ये दोन्ही कडा त्याच्याबाहेर राहतात. तिथं तो फक्त ओल्या दगडांची चमक मारायला वापरा, आभाळासाठी नाही. पेचाचे फिल्टर थंडीत आकसून लेन्सला घट्ट बसतात. पितळी कडीचे त्यातल्या त्यात कमी अडकतात.

भरती-ओहोटीचं कोष्टक नॉर्वेच्या कार्टव्हर्केट या नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. इथं पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, उधाणाला त्याहून जास्त. ओहोटीनंतर ओल्या राहिलेल्या वाळूत डोंगराचं प्रतिबिंब पडतं, ती वेळ गाठायची. पण भरती चढत असताना उतरणीच्या खडकांवर जाऊ नका. काळे दिसणारे दगड शेवाळाचे असतात, चमकणारे असतात ते बर्फाच्या काचेचे. दोन्हीवर बूट टिकत नाही. बुटांना चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे, ज्याला मायक्रोस्पाइक म्हणतात, ते सतत सोबत असावेत. खाली उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते बघा. मोठ्या लाटा कोणाला सांगून येत नाहीत.

लेन्सवर खाऱ्या पाण्याचे तुषार येणारच. कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठाचे कण घासले जातात आणि नुसता तेलकट पट्टा उरतो. आधी फुंकणी, मग लेन्सच्या द्रवाने किंचित ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. दिवसाला सहा-सात मायक्रोफायबर फडकी लागतात, ती आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशातलं ओलं फडकं पापडासारखं कडक होतं. मुक्कामी आल्यावर ट्रायपॉड शॉवरखाली गोड्या पाण्याने धुऊन, पाय उघडे ठेवून वाळवणं हे जेवणाआधीचं काम.

बर्फातली सर्वांत सामान्य चूक कॅमेऱ्याशी संबंधितच नाही. गाडीतून उतरायचं, आवडलं त्या दिशेने चालत सुटायचं, आणि मग मागे वळून पाहिलं की सगळ्यात सुंदर फ्रेमच्या मधोमध आपल्याच पावलांची रांग. कोरा बर्फ एकदाच मिळतो. आधी कडेला उभं राहा, फोनच्या कॅमेऱ्यात फ्रेम ठरवा, कुठून कुठं जायचं ते ठरवा, कुंपणाच्या किंवा वाटेच्या कडेकडेने जा. वाइड लेन्सला पुढचे दोन मीटर सर्वांत मोठे दिसतात, तेवढे तरी अस्पर्श राहू द्या. वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या बारीक लाटा तिरक्या उजेडात फार देखण्या दिसतात. सूर्य बाजूला असेल असं उभं राहिलं तर प्रत्येक लाटेला स्वतःची निळी सावली मिळते. सूर्य पाठीशी असेल तर तोच बर्फ सपाट चादर होतो.

बर्फ पडत असताना कॅमेरा आत ठेवायची घाई करू नका. शटर १/२५० ठेवलं तर पाकळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, १/६० ला छोट्या रेषा, आणि १/१५ च्या खाली त्या विरून नुसता पडदा उरतो. लाल कोळीघरांसमोर १/६० मला सर्वांत आवडतं. ऑटोफोकस मात्र जवळच्या पाकळ्यांवर उडी मारतो. घराच्या छपराची काळी कड पकडून फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. सगळं पांढरं झालेल्या हवेतही हीच युक्ती.

ही लाल घरं म्हणजे 'रोर्बू', हंगामी कोळ्यांच्या राहण्याच्या झोपड्या, खांबांवर पाण्यात उभ्या. हामनॉयच्या पुलावरून दिसणारी घरं आणि मागचा डोंगर ही चौकट सगळ्यांनी पाहिलेली असते. हिवाळ्यात सकाळी जा. पुलावरून गाडी गेली की पूल हलतो आणि लांब एक्स्पोजर डगमगतं, म्हणून रस्ता मोकळा असताना बटण दाबा, तेही दोन सेकंदांच्या टायमरवर. रिमोटची वायर थंडीत ताठर होऊन तडकते, तिच्यावर विसंबू नका. आणि त्या एका चौकटीवर सगळी सकाळ घालवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकडी मांडवांवर कॉड मासे सुकायला टांगतात, मिठाशिवाय, नुसत्या गार वाऱ्यावर. वसई-वेसाव्याच्या वलांडीवरचे बोंबील पाहिलेल्या डोळ्यांना तो मांडव लगेच ओळखीचा वाटतो. शेपट्या बांधलेल्या जोड्या, त्यांच्यामधून दिसणारा बर्फाचा डोंगर. ७० मिमी, एफ ८, मांडवाच्या आत न शिरता बाहेरूनच. तो कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा माल आहे, त्याला हात लावू नये.

अरोराबद्दल इतकं लिहिलं जातं की मी कामाचं तेवढंच सांगतो. ही बेटं अरोराच्या पट्ट्याखालीच येतात, त्यामुळे केपी (अरोराच्या जोराचा ० ते ९ हा आकडा) १ किंवा २ असला तरी आभाळ उघडं असणं जास्त महत्त्वाचं. उत्तरेकडे तोंड असलेला किनारा निवडा, स्कागसांडेन किंवा उट्टाक्लाइव्ह. मंद हिरवा पट्टा असेल तर एफ २.८, आयएसओ ३२००, ८ सेकंद. नाचायला लागला की एफ १.८, आयएसओ १६००, एक-दोन सेकंद, नाहीतर पडद्याच्या चुण्या मिसळून हिरवा लगदा होतो. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, पडदा मोठा करून, हाताने, आणि मग रिंगला चिकटपट्टी. लेन्ससमोरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवा. अरोराचा हिरवा उजेड ५५७.७ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो, त्यामुळे फिल्टरच्या सपाट काचांमध्ये व्यतिकरण होऊन फ्रेमच्या मध्यभागी गोल-गोल कडी उमटतात आणि ती पुसता येत नाहीत. लेन्सला रबरबँडने हातगरम करणारी पुडी बांधली की काचेवर दहिवर धरत नाही. कॅमेऱ्याचा पडदा अर्ध्यावर मंद करा. काळ्याकुट्ट रात्री अंधारलेला फोटोही झगझगीत वाटतो, सकाळी कळतं. अर्धा चंद्र असेल तर तारीख बदलू नका. बर्फाळ डोंगर उजळायला तो लागतोच.

अंगावर तीन थर, हे सगळ्यांना माहीत असतं. हातांचं जरा नीट बघा. आत पातळ मेरिनो लोकरीचा मोजा, त्यावर बोटांचं टोपण उघडणारा जाड मिटन. बटणं दाबताना फक्त टोपण उघडायचं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोजे घातले तरी बोटं हलतात. घट्ट बुटात कितीही लोकर घातली तरी पाय गारच. उणे ५ आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर कातडीला उणे १४ सारखं लागतं. कॅमेऱ्याला वारा लागत नाही, तो उणे ५ वरच थांबतो, फक्त तिथं लवकर पोहोचतो.

स्वॉलव्हॅर ते ई-१० रस्त्याच्या टोकाचं ऑ हे गाव साधारण १३० किलोमीटर. हिवाळ्यात याला तीन तास धरा, थांबे सोडून. भाड्याची गाडी खिळ्यांच्या टायरची मागा. उत्तर नॉर्वेत १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल ती चालतात. निळ्या पाटीवर पांढरा 'एम' असलेली रुंद जागा समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, तिथं गाडी लावून फोटो काढत बसू नये. गाडीत चमकती जॅकेट असतात, रस्त्याच्या कडेला उभं राहताना ती घालाच. संध्याकाळी चारनंतर ट्रकवाल्याला काळं जाकीट घातलेला माणूस दिसत नाही. हवेसाठी 'वायआर' (yr.no), हिमस्खलनाच्या धोक्यासाठी 'वार्सम' (varsom.no), दोन्ही संकेतस्थळं रोज सकाळी निघण्याआधी बघा. वार्समवर आकडा ३ किंवा वर असेल तर तीव्र उताराच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढण्याचा बेत रद्द. अपघात किंवा आजारपणात वैद्यकीय मदत ११३ वर.

दिवस साधारण असा बसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वाआठ-साडेआठला, सूर्यास्त चारच्या जरा पुढे. सातला निघून पहाटेच्या निळ्या उजेडात गाव. दहा ते दोन सूर्य बाजूने येतो तेव्हा डोंगर आणि बर्फाचे पोत, ७०-२०० वर. अडीचनंतर किनारा, सहापर्यंत तिथंच. मग जेवण, बॅटऱ्या चार्जिंगला आणि फोटो दोन ठिकाणी कॉपी. नऊला बाहेर येऊन आभाळ बघायचं. कॅमेरा तोवर डिकीत, पिशवी हाताशी, आणि ट्रायपॉड शॉवरमध्ये पाय पसरून निथळत.